साक्षीदाराची लेखणी : श्याओ छ्येन यांचे जीवन आणि पत्रकारिता

आधुनिक चिनी साहित्याच्या इतिहासात लू शुन, लाओ श, बा जिन, शन त्सोंगवेन या कथा-कादंबरीकारांना पहिले स्थान दिले जाते. मात्र या साहित्याचा मोठा भाग ग्रंथरूपाने वाचकांपुढे येण्याआधी वृत्तपत्रांच्या साहित्य पुरवण्यांत प्रसिद्ध झाला होता, याकडे क्वचितच पुरेसे लक्ष जाते. नव्या लेखकाचे पहिले लेखन, पहिले मानधन आणि पहिली टीका, या तिन्ही गोष्टी तेथेच घडत असल्यामुळे पुरवणीच्या संपादकाला साहित्याच्या घडणीत मोलाचे स्थान होते. श्याओ छ्येन (१९१०–१९९९) हे या परंपरेतील कथाकार, पुरवणीचे संपादक, युद्धवार्ताहर आणि अनुवादक होते. वृत्तपत्राचा व्यवसाय त्यांनी स्वीकारला तो कादंबरी लिहिण्यासाठी लागणारा अनुभव गाठीशी यावा म्हणून. परंतु ज्या लेखनाला ते साधन समजत होते तेच त्यांचे सर्वांत टिकाऊ लेखन ठरले, आणि ते लेखन ज्या काळात थांबले तो काळ चिनी पत्रकारितेच्या इतिहासातलाही सर्वांत मूक काळ होता. त्यामुळे त्यांच्या चरित्राचा अभ्यास हा एका व्यक्तीपुरता उरत नाही. डोळ्यांनी पाहून लिहिणाऱ्या माणसाला समाज किती जागा देतो, याचा तो अभ्यास ठरतो.

श्याओ छ्येन यांचा जन्म २७ जानेवारी १९१० रोजी बीजिंगमध्ये, चिनी रीतिरिवाज आत्मसात केलेल्या एका मंगोल कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव श्याओ बिंगछ्येन. शहराच्या ईशान्येकडील तुंगजमन या वेशीवर पहारेकऱ्याचे काम करणारे त्यांचे वडील मुलाच्या जन्माआधीच वारले होते, आणि आईला लोकांच्या घरी चाकरी करून नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढावे लागत होते. छिंग राजवट कोसळून प्रजासत्ताक स्थापन झाले तेव्हा हे मूल दोन वर्षांचे होते. पुढील दीड दशकात बीजिंगवर एकामागून एक लष्करी सरदारांनी ताबा मिळवला, आणि त्या अस्थिरतेचा सर्वाधिक भार अशाच निर्धन कुटुंबांवर पडला. आईचेही निधन झाल्यानंतर लहान वयातच ते पोरके झाले. दुसऱ्याच्या घरात आश्रित म्हणून वाढलेल्या मुलाला जगाचे जे रूप दिसते, ते त्यांच्या पुढील कथांमध्ये वारंवार येते. ‘कुंपणाखाली’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला त्यांचा १९३६ चा कथासंग्रह याच अनुभवावर उभा आहे.

शिक्षणासाठी त्यांना ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या ज्या शाळेत प्रवेश मिळाला, तेथे गरीब विद्यार्थी अर्धा दिवस काम करून आपली फी भागवीत असत. श्याओ छ्येन यांनी गालिचे विणण्याच्या मागावर काम केले आणि शाळेने पाळलेल्या शेळ्यांचे दूधही घरोघर पोहोचवले. या शाळेने त्यांना इंग्रजी भाषेची भक्कम ओळख करून दिली. पुढे केंब्रिजपर्यंत आणि जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’च्या अनुवादापर्यंत त्यांना नेणारी वाट येथूनच सुरू होते. त्याच वेळी, सक्तीच्या प्रार्थना आणि दानाच्या मोबदल्यात अपेक्षिली जाणारी श्रद्धा यांविषयी त्यांच्या मनात तीव्र विरोध निर्माण झाला, आणि मिशनरी संस्थांवर टीका करणाऱ्या कथांमधून तो पुढे व्यक्त झाला. १९२६ मध्ये साम्यवादी युवक संघटनेशी संबंध आल्याच्या कारणावरून त्यांना अटक झाली. त्याच वर्षी बेइशिन या प्रकाशनगृहात उमेदवार म्हणून काम करताना लू शुन, बिंग शिन यांसारख्या लेखकांची मुद्रिते त्यांच्या हाताखालून गेली, आणि नवे साहित्य कसे घडते हे त्यांना छापखान्याच्या बाजूने पाहता आले. १९२८ मध्ये राजकीय धोका टाळण्यासाठी ते दक्षिणेतील शांतौ या बंदरात शिक्षक म्हणून गेले. तेथे अपयशी ठरलेल्या प्रेमातून ‘स्वप्नांची दरी’ (१९३८) ही त्यांची एकमेव कादंबरी निर्माण झाली.

१९३० च्या सुमारास बीजिंगमधील फू जन या कॅथलिक विद्यापीठात शिकताना त्यांनी विल्यम ॲलन या तरुण अमेरिकनासह ‘चायना इन ब्रीफ’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. चिनी नवसाहित्याची ओळख परदेशी वाचकांना करून देणे हा त्याचा हेतू होता. ते थोड्याच अंकांत बंद पडले, तरी दोन भाषांच्या मध्ये उभे राहण्याची त्यांची भूमिका तेव्हाच ठरून गेली. १९३३ मध्ये ते येनचिंग विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात दाखल झाले. तेथे अध्यापन करणारे अमेरिकन पत्रकार एडगर स्नो, ज्यांचे ‘रेड स्टार ओव्हर चायना’ हे पुस्तक पुढे जगभर गाजले, आधुनिक चिनी कथांचा इंग्रजी संग्रह तयार करीत होते. १९३६ मध्ये ‘लिव्हिंग चायना’ या नावाने निघालेल्या त्या संग्रहाच्या कामात श्याओ छ्येन आणि त्यांची सहाध्यायी यांग गांग यांनी मोठा हातभार लावला. याच काळात ज्येष्ठ कथाकार शन त्सोंगवेन यांनी त्यांच्या लेखनाला दिशा दिली. ‘रेशीमकिडे’ ही त्यांची कथा १९३३ मध्ये शन यांनीच ‘ता कुंग पाओ’ या दैनिकाच्या साहित्य पुरवणीत छापली, आणि तेव्हापासून या वृत्तपत्राशी त्यांचे नाते जुळले.

‘ता कुंग पाओ’ची ओळख येथे थोडी विस्ताराने करून देणे आवश्यक आहे, कारण श्याओ छ्येन यांची जडणघडण याच संस्थेत झाली. १९०२ मध्ये यिंग लिएनजी यांनी तिआनजिन येथे सुरू केलेले हे दैनिक मध्यंतरी बंद पडले होते. १९२६ मध्ये वू दिंगछांग, हू जंगजी आणि जांग जीलुआन या तिघांनी ते विकत घेऊन नव्याने उभे केले. वू यांनी भांडवल पुरवले, हू यांनी व्यवस्थापन सांभाळले आणि जांग मुख्य संपादक झाले. कोणत्याही पक्षाशी बांधिलकी न ठेवणे, पैशाला विकले न जाणे, खाजगी स्वार्थासाठी पत्राचा वापर न करणे आणि आंधळेपणाने कोणाच्याही मागे न जाणे, ही चार तत्त्वे त्यांनी आरंभीच जाहीर केली. त्या काळी चीनमधील अनेक वृत्तपत्रे लष्करी सरदारांच्या किंवा पक्षांच्या पैशावर चालत होती. त्यामुळे ही घोषणा म्हणजे वृत्तपत्राच्या अर्थकारणाविषयी घेतलेली स्पष्ट भूमिका होती. ही तत्त्वे प्रत्येक प्रसंगी तंतोतंत पाळली गेली असे म्हणता येत नाही, कारण १९३० च्या दशकात जांग जीलुआन यांचा कल च्यांग काय-शेक यांच्या राष्ट्रीय सरकारकडे झुकत गेला. तरीही माहितीच्या विश्वासार्हतेबाबत या दैनिकाने जी प्रतिष्ठा कमावली तिची दखल परदेशातही घेतली गेली, आणि १९४१ मध्ये अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयाने त्याला सन्मानपदक दिले.

१९३५ मध्ये पदवी मिळाल्यावर श्याओ छ्येन या दैनिकाच्या तिआनजिन कचेरीत रुजू झाले आणि पुरवणीचे संपादन त्यांच्याकडे आले. त्यांचा पदवीसाठीचा प्रबंध ग्रंथपरीक्षणाच्या शास्त्रावर होता आणि तो त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. स्नेहातून स्तुती आणि वैरातून निंदा करण्याच्या प्रघाताऐवजी परीक्षण हा वाचकाप्रती पार पाडायचा व्यावसायिक धर्म आहे, हे त्यांचे मत होते, आणि पुरवणीत नियमित परीक्षणे छापून त्यांनी ते अमलात आणले. पत्राच्या पुनर्स्थापनेला दहा वर्षे झाली त्या निमित्ताने जाहीर झालेल्या साहित्य पुरस्काराची व्यवस्थाही त्यांनीच पाहिली. १९३७ मध्ये तो त्साओ यू यांचे ‘सूर्योदय’ हे नाटक, लू फन यांचा ‘धान्य’ हा कथासंग्रह आणि ह छिफांग यांचा ललितगद्याचा संग्रह यांना मिळाला. तिन्ही लेखक तेव्हा तरुण होते आणि तिघांनीही चिनी साहित्यात कायमचे स्थान मिळवले, यावरून या निवडीमागची साहित्यदृष्टी किती नेमकी होती हे कळते.

पुरवणीचे काम कचेरीत बसून करण्याचे होते, परंतु श्याओ छ्येन यांनी नोकरी स्वीकारताना प्रवासाची संधी मागून घेतली होती. १९३५ च्या उन्हाळ्यात पीत नदीचा बांध फुटून शान्तुंग प्रांताचा पश्चिम भाग पाण्याखाली गेला, तेव्हा पत्राने त्यांना चित्रकार जाओ वांगयुन यांच्यासह पूरग्रस्त भागात पाठवले. पुराच्या बातम्या तोवर आकड्यांत आणि सरकारी तारांमध्ये येत असत. किती जिल्हे बुडाले, किती निधी मंजूर झाला, एवढेच त्यांतून कळे. श्याओ छ्येन यांनी यानजोऊच्या रेल्वेस्थानकावर आणि जिनिंगच्या परिसरात निर्वासितांच्या गर्दीत वावरून त्यांचे अन्न, त्यांचे आजार आणि मदतीची वाट पाहण्याची त्यांची रीत यांचे वर्णन केले, आणि जाओ यांच्या कुंचल्याने त्या मजकुराला रेखाचित्रांची जोड दिली. प्रत्यक्ष घटनेचे वृत्त कथनाच्या, व्यक्तिचित्रणाच्या आणि प्रसंगरचनेच्या साहित्यिक साधनांनी मांडणाऱ्या या लेखनप्रकाराला रिपोर्ताज म्हणतात. चीनमध्ये १९३० च्या दशकात हा प्रकार डाव्या चळवळीच्या प्रेरणेने रुजत होता; श्याओ छ्येन यांचा मार्ग वेगळा होता, कारण निष्कर्ष आधी ठरवून त्याला पूरक प्रसंग शोधण्यापेक्षा प्रसंगालाच बोलू देण्यावर त्यांचा भर होता.

जुलै १९३७ मध्ये जपानशी युद्ध सुरू झाले आणि ‘ता कुंग पाओ’ला तिआनजिन व त्यानंतर शांघाय सोडावे लागले. पाने कमी झाली, साहित्य पुरवणी बंद पडली आणि श्याओ छ्येन यांची नोकरी गेली. लाखो निर्वासितांबरोबर तेही देशाच्या अंतर्भागाकडे, वूहानमार्गे कुनमिंगपर्यंत गेले. १९३८ मध्ये पत्राची हाँगकाँग आवृत्ती निघाली तेव्हा त्यांना पुन्हा बोलावण्यात आले, आणि १९३९ मध्ये त्यांनी ज्या विषयावर लिहिले तो युद्धकालीन चिनी वार्तांकनातील एक ठळक टप्पा मानला जातो. हा विषय म्हणजे ब्रह्मदेश मार्ग. समुद्रकिनारा जपानच्या ताब्यात गेल्यामुळे युद्धसामग्री आणण्यासाठी युन्नान प्रांतातील कुनमिंगपासून ब्रह्मदेशातील लाशिओपर्यंत सुमारे ११५० किलोमीटरचा रस्ता १९३७–३८ मध्ये बांधण्यात आला होता. यंत्रे जवळपास नव्हतीच. सुमारे दोन लाख ग्रामस्थांनी, ज्यांत स्त्रिया, वृद्ध आणि मुले मोठ्या संख्येने होती, हातातल्या अवजारांनी डोंगर फोडले आणि खोल दऱ्यांवर पूल उभारले. मलेरियाने, दरडी कोसळून आणि सुरुंगांच्या स्फोटांत असंख्य माणसे मृत्युमुखी पडली. श्याओ छ्येन यांनी या रस्त्याला रक्तमांसाने बांधलेला रस्ता म्हटले, आणि अभियंत्यांच्या कर्तबगारीइतकीच नाव नसलेल्या मजुरांची कर्तबगारी इतिहासाने नोंदवली पाहिजे, असा आग्रह धरला. शासनाला या रस्त्याचे सामरिक महत्त्व सांगायचे होते; वार्ताहराने त्याची मानवी किंमत सांगितली, आणि देशप्रेमाच्या लाटेत ती सांगणे हेच त्या लेखनाचे मोठेपण आहे.

१९३९ मध्येच लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य विद्या संस्थेने त्यांना चिनी भाषेच्या अध्यापनासाठी निमंत्रण दिले, आणि युरोपात युद्ध पेटले त्याच दिवसांत ते जहाजाने निघाले. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने संस्था केंब्रिजला हलवण्यात आली होती, त्यामुळे त्यांचा प्रारंभीचा मुक्काम तेथेच पडला. ‘ता कुंग पाओ’साठी ते इंग्लंडमधून लिहीत राहिले, हवाई हल्ले रोखण्यासाठी पोलादी तारांना बांधून आकाशात सोडलेल्या प्रचंड फुग्यांना त्यांनी रुपेरी पतंग म्हटले आणि त्या पतंगांखाली जगणाऱ्या लंडनचे चित्र चिनी वाचकांपुढे उभे केले. ब्रिटनमधील त्यांचे पहिले दिवस सुखाचे नव्हते. परदेशी नागरिक म्हणून त्यांची नोंद संशयितांच्या वर्गात झाली होती, आणि जुलै १९४० मध्ये जपानच्या दडपणाखाली ब्रिटिश सरकारने तोच ब्रह्मदेश मार्ग तीन महिन्यांसाठी बंद केला, ज्याच्या बांधणीत मेलेल्या माणसांविषयी त्यांनी वर्षभरापूर्वी लिहिले होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर चीन ब्रिटनचा मित्रदेश झाला, आणि तेव्हापासून चिनी माणसाचे म्हणणे ऐकण्याची उत्सुकता एकाएकी वाढली. ‘एचिंग ऑफ अ टॉर्मेंटेड एज’ (१९४२), ‘चायना बट नॉट कॅथे’ (१९४२), ‘द स्पिनर्स ऑफ सिल्क’ (१९४४) आणि ‘अ हार्प विथ अ थाउजंड स्ट्रिंग्ज’ (१९४४) ही त्यांची इंग्रजी पुस्तके याच काळातली आहेत. रेशीम, ड्रॅगन आणि मंदिरे यांपलीकडचा, युद्धात होरपळणारा आणि आधुनिक होऊ पाहणारा चीन दाखवणे हे त्या सर्वांचे सूत्र होते.

‘अ पॅसेज टू इंडिया’चे लेखक ई. एम. फॉर्स्टर यांच्याशी त्यांचा स्नेह आणि दीर्घ पत्रव्यवहार याच काळात झाला, आणि १९४२ पासून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात इंग्रजी कादंबरीचा अभ्यास करताना व्हर्जिनिया वुल्फ व फॉर्स्टर यांच्या लेखनाचा त्यांनी सखोल परिचय करून घेतला. त्यांच्या इंग्लंडमधील वास्तव्याचा एक धागा भारताशीही जोडलेला आहे. बीबीसीच्या पूर्व विभागात भारतासाठीचे कार्यक्रम सांभाळणारे जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४२ मध्ये त्यांना भाषणे देण्यास बोलावले, आणि चिनी साहित्याविषयी व जपानव्याप्त चीनच्या स्थितीविषयी त्यांचे बोल भारतीय श्रोत्यांपर्यंत पोहोचले. याच विभागात महाराष्ट्रातील वेणू चितळे ऑर्वेल यांच्याबरोबर काम करीत होत्या, आणि ऑर्वेल यांनी लिहिलेल्या वार्तापत्रांची मराठी रूपांतरेही तेथून प्रसारित होत असत. साम्राज्याच्या प्रचारयंत्रणेतच वसाहतींतील आणि आशियातील लेखकांना एकमेकांचे आवाज ऐकू येण्याची ही सोय निर्माण झाली, ही त्या युद्धकाळाची एक लक्षणीय घटना होती.

१९४३ च्या अखेरीस चिनी सदिच्छा मंडळाबरोबर ब्रिटनमध्ये आलेल्या हू जंगजी यांनी श्याओ छ्येन यांच्यापुढे पदवी आणि वार्तांकन यांपैकी एकाची निवड ठेवली, आणि १९४४ मध्ये त्यांनी पदवी सोडून लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर ‘ता कुंग पाओ’ची कचेरी उघडली. पश्चिम युरोपच्या आघाडीवरून वृत्त पाठवणाऱ्या मोजक्या चिनी वार्ताहरांत त्यांची गणना होते. १९४५ च्या वसंतात अमेरिकेच्या सातव्या सैन्याबरोबर ते ऱ्हाइन नदीपर्यंत गेले. तेथून त्यांना सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापना परिषदेचे वृत्त देण्यास पाठवण्यात आले. त्यानंतर पॉट्सडॅम परिषद आणि न्यूरेंबर्ग खटला हेही त्यांच्या प्रवासातले टप्पे होते. शरद ऋतूत अमेरिकनांच्या ताब्यातील दक्षिण जर्मनीतून केलेल्या प्रवासावरची त्यांची लेखमाला विशेष अभ्यासण्याजोगी आहे. विजेत्यांच्या गोटातून लिहीत असतानाही त्यांचे लक्ष भग्न शहरांतील उपासमार, घर हरवलेली माणसे आणि पराभूत राष्ट्राच्या सामान्य नागरिकांची मनःस्थिती यांकडे होते, आणि नाझी राजवटीच्या गुन्ह्यांविषयीचा रोष कमी न करता त्यांनी हे लक्ष टिकवले. शान्तुंगच्या पुरात आणि युन्नानच्या डोंगरात घडलेली नजर बव्हेरियातही तीच राहिली.

१९४६ मध्ये ते शांघायला परतले, पत्राचे अग्रलेख लिहू लागले आणि फूदान विद्यापीठात शिकवू लागले. देशात राष्ट्रवादी आणि साम्यवादी यांच्यात यादवी भडकली होती, आणि दोन्ही बाजूंना मान्य न होणारी मध्यममार्गी भूमिका घेणाऱ्या उदारमतवाद्यांत ते मोडत होते. मे १९४७ मध्ये त्यांनी एका अग्रलेखात लेखकांचे वाढदिवस थाटाने साजरे करण्याच्या आणि त्यांना आदरार्थी उपाध्या लावण्याच्या प्रथेवर टीका केली. तिचा रोख आपल्याकडे असल्याचा समज झाल्यामुळे मान्यवर साहित्यिक ग्वो मोरुओ दुखावले गेले. १९४८ मध्ये ग्वो यांनी प्रतिगामी साहित्याचा निषेध करणारा लेख लिहून वेगवेगळ्या रंगांची लेबले लावत शन त्सोंगवेन आणि श्याओ छ्येन यांना नावानिशी लक्ष्य केले. साम्यवाद्यांचा विजय जवळ आलेला असताना त्या पक्षाच्या सर्वांत मान्यवर साहित्यिकाने केलेले हे दोषारोपण म्हणजे पुढील तीस वर्षांच्या आरोपपत्राचा पहिला मसुदा ठरला.

तरीही १९४९ मध्ये त्यांनी चीनमध्ये राहण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी ते हाँगकाँगमध्ये होते, आणि केंब्रिजमधील चिनी विद्येचे प्राध्यापक गुस्ताव हालून यांनी त्यांना कुटुंबासह इंग्लंडला येऊन अध्यापन करण्याचा आग्रह केला होता. या निर्णयामागचे कारण त्यांच्या आठवणींतून समजते. त्यांचे बालपण गेले त्या बीजिंगच्या ईशान्य भागात रशियन क्रांतीनंतर पळून आलेले निर्वासित रशियन भीक मागत फिरत आणि हिवाळ्यात रस्त्यावरच गोठून मरत; देश गमावलेल्या माणसाचे ते चित्र त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. हाँगकाँगच्या ‘ता कुंग पाओ’ने नव्या सत्तेच्या बाजूने उभे राहण्याची भूमिका घेतली त्यात तेही सहभागी होते, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये ते बीजिंगला पोहोचले. घरी परतलेल्या माणसाला आपल्या भाषेत, आपल्या लोकांमध्ये लिहायचे होते; ही अपेक्षा भाबडी नव्हती, तर युरोपातील सात वर्षांच्या परकेपणातून तयार झालेली होती.

नव्या राजवटीत त्यांना ‘पीपल्स चायना’ या इंग्रजी नियतकालिकाच्या संपादनात घेण्यात आले. हुनान प्रांतातील जमीन सुधारणेवर, म्हणजे जमीनदारांची जमीन काढून ती कुळांत आणि भूमिहीनांत वाटण्याच्या मोहिमेवर, त्यांनी १९५१ मध्ये पुस्तक लिहिले आणि ते अनेक भाषांत गेले. पूर्वीच्या लेखनाशी तुलना केल्यास या पुस्तकातील फरक स्पष्ट होतो. शेतकऱ्याचे दैन्य ओळखण्याची दृष्टी त्यात आहेच, पण मोहिमेची सरकारमान्य बाजूच त्यात प्रामुख्याने येते, कारण ते परदेशी वाचकांसाठीच्या अधिकृत प्रसिद्धीचा भाग होते; साक्षीदार जागेवर हजर होता, परंतु कोणती साक्ष द्यायची हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे उरला नव्हता. त्यानंतर ते अनुवादाकडे वळले. चार्ल्स आणि मेरी लॅम यांच्या शेक्सपिअर-कथा आणि यारोस्लाव्ह हाशेक यांची ‘श्वेक’ ही युद्धविरोधी कादंबरी त्यांनी चिनी भाषेत आणली. दोन्ही पुस्तके १९५६ मध्ये निघाली आणि त्यांना मोठा वाचकवर्ग लाभला.

१९५६–५७ मध्ये माओ त्से-तुंग यांनी ‘शंभर फुले उमलू द्या’ असे म्हणत विचारवंतांना पक्षाच्या कारभारावर टीका करण्याचे आवाहन केले. श्याओ छ्येन तेव्हा लेखकसंघाच्या ‘वनयी पाओ’ या पत्राचे उपमुख्य संपादक होते. १ जून १९५७ रोजी ‘पीपल्स डेली’ या पक्षाच्या मुखपत्रात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. परस्परविश्वास आणि सहिष्णुता यांची गरज सांगताना, पूर्णपणे न पटणारे मतही मांडण्याचा दुसऱ्याचा हक्क जपला पाहिजे, या पाश्चात्य उदारमतवादी तत्त्वाचा त्यांनी आदराने उल्लेख केला होता. पुढच्याच आठवड्यात, ८ जून रोजी, त्याच पत्राच्या अग्रलेखाने ‘उजव्यांविरोधी’ मोहिमेला तोंड फोडले. ‘उजवा’ हा येथे निव्वळ राजकीय मताचा निर्देश नव्हता. तो माणसाच्या सरकारी नोंदीत चढणारा शिक्का होता, ज्यामुळे नोकरी, लेखनाचा हक्क, राहते घर आणि मुलांचे भवितव्य हे सर्व धोक्यात येत असे. अधिकृत आकड्यांनुसार साडेपाच लाखांहून अधिक लोकांवर हा शिक्का बसला. श्याओ छ्येन त्यांपैकी एक होते. ‘लिव्हिंग चायना’च्या काळापासूनच्या त्यांच्या सहकारी यांग गांग, ज्या ‘पीपल्स डेली’च्या उपमुख्य संपादक पदापर्यंत पोहोचल्या होत्या, त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आपले जीवन संपवले.

१९५८ ते १९६१ ही वर्षे त्यांनी हपै प्रांतातील एका सरकारी शेतावर शारीरिक श्रमांत काढली. परतल्यावर त्यांना प्रकाशनगृहात अनुवादाचे काम मिळाले, आणि फील्डिंग यांच्या ‘टॉम जोन्स’ या कादंबरीचा अनुवाद त्यांनी या काळात हाती घेतला. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू होताच रेड गार्ड म्हणवणाऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी त्यांच्या घरावर धाड घातली. अनेक वर्षे जमवलेली पुस्तके, हस्तलिखिते आणि टिपणे नष्ट झाली. अपमानाने खचून त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला, पण ते वाचले. १९५४ मध्ये त्यांच्याशी विवाह केलेल्या वन ज्येरुओ, ज्या स्वतः जपानी व इंग्रजीच्या जाणकार संपादक आणि अनुवादक होत्या, या सर्व काळात त्यांच्या पाठीशी राहिल्या. १९६९ पासून काही वर्षे त्यांना हुपै प्रांतातील श्यानिंग येथील ‘७ मे कार्यकर्ता शाळे’त घालवावी लागली, नाव शाळेचे असले तरी अधिकाऱ्यांना आणि बुद्धिजीवींना शेतीकामातून ‘सुधारण्या’साठी उभारलेली ती श्रमछावणी होती. १९५७ पासून १९७९ मध्ये त्यांच्यावरील आरोप अधिकृतपणे मागे घेतले जाईपर्यंत एकंदर बावीस वर्षे त्यांचे स्वतःचे लेखन जवळजवळ थांबलेले होते. ही वर्षे वयाच्या सत्तेचाळिसाव्यापासून एकोणसत्तराव्यापर्यंतची, म्हणजे अनुभव आणि भाषा या दोन्हींवर लेखकाची पकड सर्वांत पक्की असते त्या वयातली होती. चिनी वार्तांकनाचे त्यामुळे झालेले नुकसान कोणत्याही पुनर्वसनाने भरून निघणारे नव्हते.

१९७९ मध्येच ते अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमासाठी गेले आणि चीन व बाहेरचे जग यांच्यातील दुवा पुन्हा जोडणाऱ्या पहिल्या लेखकांपैकी एक ठरले. त्यानंतरच्या दोन दशकांत त्यांनी विलक्षण वेगाने लिहिले. नकाशा न घेता निघालेला प्रवासी, अशी स्वतःची ओळख देणारे त्यांचे आत्मचरित्र १९९० मध्ये इंग्रजीतही आले. १९८० च्या दशकात बीजिंगमधील सायंदैनिकासाठी लिहिलेल्या छोट्या लेखांत त्यांनी पाडल्या गेलेल्या वेशी, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, गल्ल्यांमधील बोली आणि शेजारधर्म यांची नोंद केली. पुनर्बांधणीत नाहीशा होत असलेल्या शहराचा तो वृत्तान्त होता, आणि वृत्तपत्राच्या मर्यादित जागेत टिकाऊ गद्य लिहिण्याची त्यांची जुनी सवय त्यात पुन्हा फळाला आली. १९८९ पासून मृत्यूपर्यंत ते केंद्रीय संस्कृती व इतिहास संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्यांच्या संपादनाखाली तेथून निघालेल्या इतिहासविषयक टिपणांच्या ग्रंथमालेत प्रत्यक्ष पाहिलेल्या व ऐकलेल्या गोष्टींना महत्त्व देण्यात आले. एकेकाळी स्वतः साक्षीदार असलेल्या लेखकाने उतारवयात इतरांच्या साक्षी जतन करण्याचे काम पत्करले.

जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’चा अनुवाद हे त्यांच्या अखेरच्या पर्वातील सर्वांत मोठे काम होय. ही दुर्बोध कादंबरी त्यांनी इंग्लंडमधील वास्तव्यातच वाचली होती, परंतु पन्नास वर्षांनी, यिलिन प्रकाशनाच्या विनंतीवरून, १९९० मध्ये त्यांनी आणि वन ज्येरुओ यांनी तिचा अनुवाद सुरू केला तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. वन यांनी प्रथम अर्थाशी काटेकोर राहून मसुदा करायचा आणि श्याओ छ्येन यांनी त्याला वाचनीय चिनी गद्याचे रूप द्यायचे, अशी त्यांच्या कामाची पद्धत होती. हजारो टिपांची जोड देऊन तीन खंडांचा हा अनुवाद १९९४ मध्ये पूर्ण झाला. जिन दी यांचा स्वतंत्र अनुवादही त्याच सुमारास येत असल्यामुळे चिनी वाचकांत जॉइसविषयी मोठी चर्चा झाली. पाश्चात्य आधुनिकतावादाला अनेक वर्षे ‘सडका’ म्हणून वर्ज्य मानणाऱ्या देशात हे पुस्तक दुकानांत विकले जाऊ लागले, याचे श्रेय मोठ्या प्रमाणात या वृद्ध दांपत्याच्या परिश्रमाला जाते.

११ फेब्रुवारी १९९९ रोजी बीजिंगमध्ये श्याओ छ्येन यांचे निधन झाले. शक्य तितके खरे बोलावे आणि खोटे मात्र कदापि बोलू नये, हे सूत्र ते उतारवयात वारंवार मांडत असत. या सूत्रातील दोन भागांमधले अंतर लक्षात घेतले पाहिजे. प्रत्येक सत्य प्रत्येक वेळी सांगता येत नाही हे पहिल्या भागात मान्य केलेले आहे, आणि गप्प राहावे लागले तरी असत्याला आपले अक्षर उसने द्यायचे नाही, ही मर्यादारेषा दुसऱ्या भागात आखलेली आहे. जमीन सुधारणेवरचे पुस्तक लिहिणाऱ्या आणि नंतर बावीस वर्षांचे मौन भोगणाऱ्या माणसाने आयुष्याच्या शेवटी काढलेला हा निष्कर्ष असल्यामुळे त्याला उपदेशापेक्षा अनुभवाचे वजन आहे.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना कथाकार म्हणून त्यांचे स्थान त्यांच्या गुरूंच्या, म्हणजे शन त्सोंगवेन यांच्या, खालोखाल मानावे लागते. परंतु चिनी भाषेतील साहित्यिक वार्तांकनाच्या इतिहासात त्यांना पहिल्या रांगेत बसवावे लागते. मजकुरात अलंकार पेरल्याने वार्तांकन साहित्य होत नाही. मोठ्या घटनेच्या काठावर उभ्या असलेल्या सामान्य माणसाकडे पुरेसा वेळ पाहिल्याने ते साहित्य होते, हे त्यांच्या शान्तुंग, युन्नान, लंडन आणि दक्षिण जर्मनी येथून आलेल्या लेखांनी सिद्ध केले. असे पाहणे ही केवळ वैयक्तिक गुणवत्ता नसते. त्यासाठी वार्ताहराला प्रवासास पाठवणारे आणि त्याच्या निष्कर्षांना छापण्याची हमी देणारे वृत्तपत्र लागते, आणि त्या वृत्तपत्राला सत्तेपासून व पैशापासून काही अंतर राखता यावे लागते. १९२६ मध्ये तिआनजिनमध्ये जाहीर झालेल्या चार तत्त्वांनी, त्यांच्या सर्व उणिवांसह, असे अंतर काही काळ शक्य करून दाखवले होते. ते संपल्यावर तोच लेखक, तीच नजर आणि तीच भाषा असूनही तसे लेखन पुन्हा होऊ शकले नाही. म्हणून श्याओ छ्येन यांचे चरित्र वाचताना त्यांच्या प्रतिभेइतकाच त्या प्रतिभेला वाव देणाऱ्या संस्थेचा विचार करावा लागतो, आणि स्वतंत्र वृत्तपत्र टिकवणे हे साहित्याचेही कार्य आहे, हे मान्य करावे लागते.